तिघींत एक बाळ

बऱ्याच महिन्यांनी लिहायला बसलेय. मधे दोन-तीनदा सुरुवात केली, पण अर्ध्या पानावर येऊन थांबले. आज एका दमात लिहून टाकते, नाहीतर हेही ड्राफ्टमध्ये पडून राहील. मावशी, तू वाचशीलच. तुझ्याबद्दल काही लिहिलंय, फोनवर ओरडू नकोस :)

झालं असं, की गेल्या फेब्रुवारीच्या सुट्टीत चिऊला शाळेतून प्रोजेक्ट होतं. विषय विक्सचा रांजण. आम्ही राहतो त्या दिजोंपासून ऐंशी-एक किलोमीटरवर शातियों-सुर-सेन नावाचं गाव आहे, तिथल्या संग्रहालयात हा रांजण आहे. १९५३ च्या जानेवारीत विक्स गावाजवळ एका स्त्रीच्या थडग्यात सापडला. उंची १.६४ मीटर, म्हणजे माझ्याहून दोन बोटं जास्त, वजन २०८ किलो, आणि आत अकराशे लिटर दारू मावेल एवढं पोट. अडीच हजार वर्षांपूर्वीची कुणी मातब्बर बाई, तिच्याबरोबर पुरलेला. बघायलाच हवा असा आहे, यात शंका नाही. चिऊने फोटो काढले, वहीत आकडे उतरवले, आणि वीस मिनिटांत तिचं काम संपलं. बाहेर पाऊस. म्हणून उरलेली दालनं बघत हिंडलो.

आणि त्या हिंडण्यात ती फरशी समोर आली.

फरशी म्हणजे चुनखडीच्या दगडातलं उठावचित्र. जवळच्या वेर्तो गावी सापडलेलं. तिथे रोमन काळात व्हेर्तिलुम नावाची वस्ती होती. तीन बायका शेजारी शेजारी बसल्यात. अगदी आपल्याकडे ओसरीवर बसतात तशा. तिघींचं वस्त्र एका खांद्यावरून उतरलेलं, एक स्तन उघडा. एकीजवळ बाळ आहे. दुसरीने एक कापड दोन्ही हातांनी उलगडून धरलंय. तिसरीच्या हातात स्पंज आणि पसरट भांडं.

बस्स. ना वाघ-सिंह, ना शस्त्रं, ना प्रभावळ. एक बाळ आणि त्याच्या अंघोळीची तयारी.

चिऊ म्हणाली, "म्हणजे एका बाळाला तिघी लागायच्या?"

मी काहीच बोलले नाही. घशाशी काहीतरी आलं होतं. का आलं, ते सांगायचं तर तेरा वर्षं मागे जावं लागेल. जाऊ हळूहळू. आधी या बायकांविषयी.

यांना लॅटिनमध्ये 'मात्रेस' म्हणत, कुठे 'मात्रोने'. म्हणजे सरळ 'आया'. इसवी सनाच्या पहिल्या ते पाचव्या शतकापर्यंत आजचा फ्रान्स, ऱ्हाइनकाठचा जर्मनी, ब्रिटन, उत्तर इटली एवढ्या प्रदेशात या पुजल्या जात. त्यांच्या नावाचे अकराशेच्या वर दगड आणि वेद्या सापडल्यात. पण त्यांची एकही गोष्ट उरलेली नाही! कुणाच्या मुली, कुणाच्या बायका, कुठल्या राक्षसाला मारलं, काही नाही. आपल्याकडे प्रत्येक टेकडीवरच्या देवीला निदान एक कहाणी तरी असते. यांच्याकडे आहेत फक्त दगड आणि दगडावरच्या ओळी. आणि बऱ्याचदा तिघी एकत्र. का तीन, यावर पंडितांनी पुष्कळ शाई घालवलीय.

नंतर घरी आल्यावर मी याच्या मागेच लागले. (माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. गेल्या वेळी चीजच्या मागे लागले होते तेव्हा तुम्ही सगळे कंटाळला होतात.) आणि दोन गोष्टी अशा सापडल्या की मराठी माणसाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली भाषेची. रोमन लोक पुरते स्थिरावण्याआधी दक्षिण फ्रान्समधले गॉल लोक आपली भाषा ग्रीक लिपीत कोरत. नीम शहरात (कडुनिंबाशी संबंध नाही) असा एक लेख आहे, त्यात शब्द आहेत 'मात्रेबो नामाउसिकाबो'. नीमच्या आयांना. सँ-रेमीजवळच्या ग्लानुममध्येही तसंच, 'मात्रेबो ग्लानेइकाबो'. ग्लानुमच्या आयांना. आता हे 'मात्रेबो' मोठ्याने म्हणून बघा. आणि मग शाळेतली चतुर्थी आठवा: मातृभ्यः. तीच विभक्ती, तेच अनेकवचन, तोच शब्द! आमच्या संस्कृतच्या बाई असत्या तर त्यांना फोन लावला असता. शाळेत "मातृ ऋकारांत स्त्रीलिंगी" घोकताना वाटलं नव्हतं की हे कधी फ्रान्समध्ये कामाला येईल.

एका मैत्रिणीला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "म्हणजे सप्तमातृकाच की या!" नाही गं बाई. भाषा सख्ख्या चुलत बहिणी आहेत हे खरं, पण म्हणून देव्या त्याच होत नाहीत. सप्तमातृका देवांच्या शक्ती, त्यांना वाहनं आहेत, शस्त्रं आहेत, चामुंडेच्या गळ्यात मुंड आहेत. या इथल्या बायकांच्या मांडीवर फळं, पाव, नाहीतर बाळ. "सगळीकडे एकच आदिमाता होती" हे वाक्य ऐकायला फार गोड लागतं, म्हणूनच मला त्याचा संशय येतो. नीमच्या आया नीमच्याच होत्या. दगडावर गावाचं नाव मुद्दाम घातलंय ना!

दुसरी गोष्ट नवसाची. बॉनमध्ये नवरोबांच्या कामानिमित्त गेलो होतो तेव्हा तिथल्या संग्रहालयात एक वेदी पाहिली होती, तेव्हा फारसं लक्ष दिलं नव्हतं. कोलोन शहराचा खजिनदार क्वेत्तियुस सेव्हेरुस याने इसवी सन १६४ मध्ये 'औफानिए' नावाच्या मात्रोनांना वाहिलेली. १९२८ च्या सुमारास बॉनच्या मोठ्या चर्चखाली खोदकाम झालं, त्यात अशा वेद्यांचा ढीगच निघाला. तिघी बसलेल्या. कडेच्या दोघींच्या डोक्यावर टोपल्याएवढ्या गोल टोप्या, मधली मोकळ्या केसांची, वयाने लहान वाटणारी. म्हणतात की टोपी तिथल्या उबी जमातीच्या लग्न झालेल्या बायकांची, म्हणजे मधली कुमारिका. दोन सवाष्णी आणि एक मुलगी.

तर या असल्या दगडांच्या शेवटी बहुतेक वेळा चार अक्षरं येतात: व्ही, एस, एल, एम. 'वोतुम सोल्वित लिबेन्स मेरितो'. शब्दशः सांगायचं तर 'नवस फेडला, राजीखुशीने, देवाच्या लायकीप्रमाणे'. मी हे वाचलं आणि हसूच आलं. इंग्रजी पुस्तकं यासाठी अख्खं लांबलचक वाक्य खर्ची घालतात, आणि आपल्याकडे दोन शब्दांत काम होतं. बोलायचा आणि फेडायचा. तोही व्यवहार तसाच: आधी मागायचं, मिळालं तर द्यायचं. आणि दगड लावणारे सगळे पोटुशा बायका असतील असं वाटलं होतं, तर ऱ्हाइनकाठचे पुष्कळसे पुरुष, त्यात सैनिक बरेच. सरहद्दीवरचे शिपाई आयांना नवस बोलत. काय मागत असतील, ते दगडावर नाही. फक्त नाव आहे आणि 'फेडला' एवढंच.

असो. आता तेरा वर्षं मागे.

चिऊ २०१२ च्या नोव्हेंबरात झाली. त्याआधीची पाच वर्षं, दोनदा राहून गेलेलं, डॉक्टर, इंजेक्शनं, हे जवळच्यांना माहीत आहे, बाकीच्यांनी समजून घ्या. आई ऑक्टोबरच्या शेवटी आली. व्हिसा नव्वद दिवसांचा, म्हणजे २५ जानेवारीपर्यंत. दोन बॅगा, त्यातली एक अख्खी दुपट्यांची. जुन्या साड्या फाडून, दुहेरी शिवून, धुऊन धुऊन मऊ केलेली दुपटी. शिवाय डिंक, अळीव, बाळंतशेपा, खोबरं. विमानतळावर ते अळीव काय आहेत हे समजावून सांगताना जावयाची जी तारांबळ उडाली त्याबद्दल मी या ब्लॉगवर लिहिलंयच.

सहाव्या रात्री तिने चिऊच्या पाळण्याशेजारी कोरा कागद आणि पेन ठेवलं. सटवाई येणार, कपाळावर लिहिणार. पाळणा म्हणजे स्वीडिश दुकानातलं पांढरं खाटलं आणि पेन बँकेने फुकट दिलेलं, पण ठेवलं. मी तेव्हा हसले. तीही हसली, म्हणाली, "तिला काय, फ्रेंचमध्ये लिही म्हणावं." इथवर सगळं छान होतं.

मग बिनसलं ते दुपट्यावरून. इथे बाळंतपणानंतर नर्स घरी येते, बाळाचं वजन घेते, तुमचं कसं चाललंय बघते. आई चिऊला तेल लावून, पायावर घेऊन न्हाऊ घालायची, आणि मग दुपट्यात गच्च गुंडाळून ठेवायची. पाय सरळ, हात आत. पुरणपोळीसारखी. चिऊ गाढ झोपायची. एक दिवस नर्स नेमकी तेव्हा आली. तिने ते पाहिलं आणि चेहरा बदलला. पाय असे सरळ बांधले तर खुब्याच्या सांध्याला धोका असतो, असं तिने मला सांगितलं. सांगितलं नीटच, आणि तिचं बरोबरही होतं. आजही मी तेच म्हणेन. पण मी ते आईला कसं सांगितलं? नर्ससमोरच, तुटक, "तुझं हे जुनंपानं इथे चालणार नाही, किती वेळा सांगू?" किती वेळा म्हणजे, मी आधी एकदाही सांगितलेलं नव्हतं. मला त्या गोऱ्या बाईसमोर लाज वाटली होती. बस्स, एवढंच कारण होतं. आईला फ्रेंच कळत नव्हतं, पण माझा आवाज कळला. तिने चिऊला सोडलं, दुपट्याची घडी घातली. चार घड्या, मग हाताने दाबून सपाट केलं. मला ते हात आजही दिसतात.

पाच जानेवारीला ती परत गेली. तिकीट बदलून घेतलं, तीन आठवडे आधी. "बाबांना जेवणाचं जमत नाही" म्हणाली. नंतर फोन रोज व्हायचे, चिऊचे दात, चिऊची शाळा, सगळं. ती परत कधी इथे आली नाही, आम्ही दोनदा जाऊन आलो. दुपट्याचा विषय दोघींनीही काढला नाही. आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये ती गेली. तेव्हाची परिस्थिती सगळ्यांना ठाऊक आहे, मी पोहोचू शकले नाही.

म्हणून त्या फरशीसमोर बोलता येईना. स्पंज, भांडं आणि ते उलगडलेलं कापड.

त्या कापडाबद्दलही मजा आहे. बहुतेकजण ते बाळाचं गुंडाळायचं वस्त्र आहे असंच म्हणतात, आणि शेजारी स्पंज बघितल्यावर मलाही तेच पटतं. पण काही अभ्यासकांना ती लेखाची गुंडाळी वाटली. म्हणजे बाळाचं नशीब लिहिलेला कागद उलगडून वाचणारी देवी, रोमन लोकांच्या तीन भाग्यदेवतांसारखी. बर्गंडीतल्या या आयांचं आणि त्या भाग्यदेवतांचं नातं काहींनी लावलंय. दुपटं की लेख? मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले, उगाचच भांडी आवरत बसले. आमच्या घरात त्या सहाव्या रात्री दोन्ही होतं. खाटल्याशेजारी कागद, आत दुपटं.

मार्चमध्ये एका रविवारी मी एकटीच दिजोंच्या पुरातत्त्व संग्रहालयात गेले. सँ-बेनिन्य मठाच्या जुन्या इमारतीत आहे ते, आणि फुकट आहे. इतकी वर्षं इथे राहून दोनदाच गेले होते, पाहुणे आल्यावर. तिथे सेन नदीच्या उगमावरच्या देवस्थानातल्या वस्तू आहेत. देवी सेक्वाना, बदकाच्या तोंडाच्या होडीत उभी, कांस्याची, १९३३ मध्ये सापडलेली. लोक सहसा तिच्यासमोर थांबतात. मी मात्र या वेळी नवसाच्या वस्तू बघायला गेले होते. १९६३ मध्ये उगमाजवळच्या चिखलातून ओकच्या लाकडाच्या शेकडो वस्तू निघाल्या. पाय, हात, डोकी, डोळे, आतडी. दगडाच्याही आहेत. ज्याचं जे दुखतं त्याने ते वाहिलेलं. आपल्याकडे चांदीचे डोळे वाहतात तसं.

आणि त्यात दगडाची बाळं आहेत. मानेपासून पायापर्यंत कापडाच्या पट्ट्यांनी गच्च गुंडाळलेली, फक्त तोंड उघडं. पुरणपोळ्या! दुसऱ्या शतकात सोरानुस नावाच्या वैद्याने बाळाला पट्ट्या कशा गुंडाळाव्यात हे सविस्तर लिहून ठेवलंय, म्हणजे तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरचा सल्लाच तो होता. ती बाळं बरी व्हावीत म्हणून ठेवली, की झाली म्हणून, की व्हावीत म्हणून, दगडावरून कळत नाही. मी तिथे बराच वेळ उभी होते. मला काही साक्षात्कार वगैरे झाला नाही, पाय दुखले तेवढे.

शेजारच्या कपाटात पांढऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती होत्या, वीतभरही नसतील. वेताच्या उंच पाठीच्या खुर्चीत बसलेली आई, अंगावर एक बाळ, कधी दोन. या आलिये नदीच्या खोऱ्यात घाऊक बनत, पहिल्या ते तिसऱ्या शतकात. पुढचा साचा, मागचा साचा, दोन्ही चिकटवले की झाली मूर्ती. कडेला सांधा दिसतो. पेणच्या गणपतींसारखा धंदा. ओताँ गावच्या पिस्तिल्लुस नावाच्या कुंभाराने तर आपलं नाव मूर्तीवर उमटवलंय. दगडी वेदी खजिनदाराला परवडे, ही मूर्ती कुणालाही. घरात सापडतात, देवळात सापडतात, आणि थडग्यांतही. लहान मुलांच्या थडग्यांतही. तिकडे मी फार वेळ पाहिलं नाही.

घरी येऊन मावशीला फोन लावला. आठवड्याचा असतोच. तिला बाळांचं सांगितलं, नवसाचं सांगितलं. तर ती एकदम म्हणते, "अगं, तुझ्या आईनं न्हवता का पाळणा वाहिला सटवाईला?"

मला काहीही माहीत नव्हतं! माझ्या दुसऱ्या खेपेनंतर आई आणि मावशी गावच्या सटवाईला गेल्या होत्या. लेकीला मूल होऊ दे, पाळणा वाहीन. मला सांगायचं नाही असं ठरलं, कारण मी चिडले असते. (चिडले असते.) आणि चिऊ झाल्यावर पौषी पौर्णिमेच्या जत्रेत दोघींनी जाऊन लाकडाचा छोटा पाळणा टांगला. "म्हणून तर ती लवकर आली तिकडनं. जत्रा चुकवायची न्हवती तिला."

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! तेरा वर्षं छातीवर धरलेला धोंडा कुणीतरी येऊन सहज बाजूला ठेवावा तसं. ती माझ्यावर रागावून गेलीच नव्हती. नवस फेडायला गेली होती.

रात्री झोप येईना म्हणून उठले आणि २०१३ चं पंचांग शोधलं. पौषी पौर्णिमा २७ जानेवारीला होती. आई २४ ला निघाली असती तरी आरामात पोहोचली असती.

दुसऱ्या दिवशी मावशीला परत फोन. सरळ विचारलं. मावशी थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "लागलं हुतं तिला, तुझं बोलणं. न्हाई कशाला म्हणू? आठ दिवस नीट जेवली न्हाई आल्यावर. पण पाळणा टांगताना हसत हुती, आणि म्हणाली, पोरगी आली की दाखवीन. तुला न्हाई, तुझ्या पोरीला."

दाखवायचं राहिलं. दोनदा गेलो तेव्हा एकदा पाऊस होता आणि एकदा माझ्याकडेच वेळ नव्हता.

आईचं एक दुपटं इथे राहिलंय, जाताना तिने ठेवलं की विसरली कुणास ठाऊक. पिवळं, हिरव्या काठाचं, मला आठवते ती साडी. स्वेटरांच्या कपाटात असतं. परवा चिऊला दाखवलं आणि सगळं सांगितलं, माझं बोलणंसुद्धा, गाळलं नाही. तिने ते दोन्ही हातांत उलगडून धरलं, मोठं झालेलं आपलं अंग आणि ते एवढंसं कापड बघत राहिली. मग "मी यात मावत होते?" म्हणाली.

डिसेंबरात जातोय. मावशी म्हणते, पुजारी जुने पाळणे मधूनमधून उतरवतात, जागा लागते ना, असेलच असं सांगता येत नाही. बघू. चिऊने आणखी एक विचारलंय, पाळण्यावर वाहणाऱ्याचं नाव लिहितात का, त्या बॉनच्या दगडासारखं. मावशी, हे वाचलंस की कळव.